काढणे

पुस्तक सांगतं: वस्तू आधी आधारांपासून सुटी करा.
भिंत काढा. बिजागरी काढा. दोर काढा.
जमीनसुद्धा काढा.
आणि जे जे काढलं
तिथे तिथे एक बाण काढा.

दोन्हीला आपल्याकडे एकच क्रियापद,
हे इंग्रजीत शिकताना लक्षात आलं नव्हतं.
आलं डिसेंबरात, रात्री पावणेबाराला,
पवननगरच्या अभ्यासिकेत
मेकॅनिक्सची केटी दुसऱ्यांदा घेऊन बसले तेव्हा.
थंडी अशी, की कॅल्क्युलेटरची बटणं बोटांना टोचत होती.
समोर एमपीएससीवाला वाल्मीक आहेर
कानटोपीसकट झोपलेला,
त्याचा चहाचा पेला टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर.
गुरुत्वमध्य आत, म्हणून वाचलेला.

उदाहरण सहा.
पाचशे न्यूटन वजनाचा ठोकळा, दोन दोर,
दोन्ही आडव्या रेषेशी तीस अंशात.
ताण काढा.

मी सरळ अडीचशे-अडीचशे लिहिलं.
मागच्या पानावर उत्तर: प्रत्येकी पाचशे.
छपाईची चूक म्हणून पेन्सिलीनं फुली मारली.
मग उभ्या दिशेची बेरीज शून्य धरून पुन्हा केलं.
साइन तीस म्हणजे अर्धा.
पाचशे.
पुन्हा पाचशे.
दोघांनी मिळून उचललं
तरी एकेकाच्या वाट्याला आख्खं ओझं.

खाली वॉचमन असतात ते निकमकाका
वीस वर्षं अंबडला क्रेनखाली पट्टे बांधायचे.
त्यांना वही दाखवली.
बॅटरीच्या उजेडात आकृती आधी उलटी पाहिली,
मग सरळ केली.
"लई फाकलाय हा दोर," म्हणाले.
"लांब घ्यायचा, म्हणजे उभा पडतो.
असा पसरून घेतला
की दोन्हीकडे पुरं वजन येतं.
आम्ही एकदा घेतला होता."
पुढे काही बोलले नाहीत.
बॅटरी बंद केली.

पप्पांची कंपनी सातपूरहून चाकणला गेली
त्याला दोन वर्षं झाली.
तिथे एका खोलीत चौघं मिळून दिवस काढतात.
आई इथे. पहाटे साडेपाचला
लॅबचं शटर उघडते,
लोकांचं रक्त काढते.
माझ्या फीसाठी कर्ज काढलं ते दोघांच्या सहीचं,
हप्ता निम्मानिम्मा.
निम्मानिम्मा, असं मीही धरून चालले होते.

कोरं पान घेतलं.
नाशिक काढलं. चाकण काढलं.
मधला चंदनापुरीचा घाट,
नारायणगावला वीस मिनिटं थांबणारी एसटी,
सगळं काढलं,
आता कुठल्या अर्थानं, ते विचारू नका.
मध्ये ठोकळा उरला. खाली जाणारा बाण उरला.
बावन्न किलो, गुणिले नऊ पॉइंट एक्क्याऐंशी:
पाचशे दहा.
पुस्तकातल्या ठोकळ्याहून दहा जास्तच.
कोन मात्र मोजता येईना.
पान फाडायला हात गेला,
पण मागच्या बाजूला ट्रसचं गणित होतं, ते लागणार होतं.

पेपरात दोरांचं काही आलंच नाही.
शिडी आली, गुळगुळीत भिंतीला टेकलेली.
माणूस किती वर चढला की ती घसरेल?
भिंत काढली, बाण काढला.
जमीन काढली, दोन बाण काढले,
एक उभा, एक घर्षणाचा.

संध्याकाळी फोन.
पप्पांच्या मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
आईनं स्पीकर लावला, माझ्या डाव्या हाताला येऊन बसली.
कसा गेला,
दोघांनी एकदमच विचारलं.

सुटला, म्हटलं.
आठ मार्कांचा एक सोडला,
तेवढं नाही सांगितलं.